जे फळ गाव सोडत नाही

जानेवारी 1639. वेंगुर्ल्याच्या बंदराला ओहोटी लागली आहे. तुमच्या पायाखालची वाळू ओली आणि थंड आहे, पायात काही नाही, आणि वाऱ्याला सुकत घातलेल्या मासळीचा वास आहे. समोर डचांची जहाजं नांगर टाकून उभी आहेत. दोन वर्षांपूर्वी विजापूरच्या आदिलशाहीकडून त्यांनी इथे वखारीची परवानगी मिळवली. हिवाळाभर ही जहाजं गोव्याच्या तोंडावर पोर्तुगिजांची वाट अडवून बसतात आणि पाणी, तांदूळ, भाजी, कोंबड्या भरायला वेंगुर्ल्याला येतात. त्याबरोबर आणखी एक जिन्नस भरून घेतात. ती बघायची तर मान वर करा.

माडाच्या शेंड्यात एक भंडारी बसला आहे. कमरेला कोयता, पाठीशी सुकवून पोखरलेल्या दुधी भोपळ्याचं भांडं. त्याने पोयीचं टोक पातळसं छाटलं, खाली लावलेल्या मडक्यातली माडी भांड्यात ओतली आणि तो सरसर उतरला. तुमच्या ओंजळीत थोडी ओततो. चव गोड आहे, किंचित फसफसलेली. पण घाई करा, कारण ही गोडी दुपारपर्यंतची. संध्याकाळी ती आंबटते, उद्यापासून तिचा शिरका व्हायला लागतो. जहाजावर चढवून महिनाभर नेता येईल असं त्या मडक्यात काहीच नाही.

म्हणून माडांच्या आत, बंदरापासून थोडं दूर, धूर दिसतो आहे. एका मातीच्या भांड्याखाली जाळ, त्याच्या तोंडातून निघालेली नळी दुसऱ्या भांड्यात, आणि त्या दुसऱ्या भांड्यावर सतत पाणी ओतणारा मुलगा. वाफ थंड होते आणि थेंब थेंब उतरते. हे काम इथे जुनं आहे. गोव्यातला वैद्य गार्सिया द ओर्ता याने 1563 साली छापलेल्या ग्रंथात माडीपासून दारू गाळण्याची ही रीत नोंदवून ठेवली आहे. सर्वात कडक उतरते ती ‘फूल’ आणि बाकीची ‘उर्राक’, ही नावंही त्याने दिली आहेत. संध्याकाळी आंबून जाणारी माडी ह्या नळीतून गेली की वर्षानुवर्षं टिकते. मला ह्या साऱ्या कथेत सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. नशेचा भाग नंतरचा. आधी हा टिकवण्याचा उद्योग आहे, मीठ लावून मासा सुकवण्याइतकाच गरजेचा.

आता वखारीच्या पडवीत चला. खलाशांनी लाकडाचं मोठं पातेलं मधे घेतलं आहे. त्यात माडाची दारू, विहिरीचं पाणी, लिंबाचा रस आणि साखर. वरून एक जण जायफळ किसतो आहे. ते बांदा बेटांवरून आलेलं, डचांच्याच व्यापारातलं. ह्या पेयाला ते ‘पंच’ म्हणतात. गेल्याच वर्षी सुरतेच्या इंग्रजी वखारीत योहान मांडेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी उतरला होता. दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर यांचं असंच मिश्रण तिथले इंग्रज पितात हे त्याने लिहून ठेवलं. ह्याच महिन्यात तो त्या वखारीचा मावळता अध्यक्ष मेथवोल्ड याच्याबरोबर जहाजाने गोव्याला चालला आहे, म्हणजे तुमच्या समोरच्या ह्याच क्षितिजावरून.

पातेल्यातला एक वाडगा घ्या. कोमट लागेल. बर्फ हा प्रकार ह्या किनाऱ्याने अजून पाहिलेला नाही. अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांमधून कापलेला बर्फ जहाजाने कोलकात्याला उतरायला 1833 साल उजाडायचं आहे. पण जिभेवर जे लागतं ते ओळखीचं आहे: कडक, आंबट, गोड, पाणी, सुगंध. पुढे जगभरच्या मद्यालयांत फळांच्या रसाची जी पेयं होतील त्यांचा सांगाडा ह्या पातेल्यात आहे, आणि पंच युरोपात पोचला तो हिंदुस्थानच्या वखारींमधूनच. आज कोणी मालवणात बसून फळाच्या रसात व्होडका ढवळली की ही काय साहेबी थेरं, असं म्हटलं जातं. म्हणणाऱ्याला ह्या पडवीत आणून बसवावं.

एक झाड मात्र तुम्हाला अजून सगळीकडे दिसणार नाही. ब्राझीलहून पोर्तुगिजांनी काजू आणला, पण ओर्ताच्या 1563च्या ग्रंथात तो नाही. 1578 साली क्रिस्तोव्हाव द कोस्ताने कोचीच्या बागांमध्ये पाहिलेल्या काजूचं वर्णन केलं. म्हणजे ह्या किनाऱ्यावर तो येऊन फार पिढ्या झालेल्या नाहीत. ह्याच जांभ्या दगडाच्या उतारांवर, जिथे दुसरं काही धड रुजत नाही, तो पुढे रान माजवील.

वेंगुर्ल्याहून आत, बांदा गावाच्या दिशेने वळा. वाटेत तीनशे वर्षं मागे टाका आणि 1952च्या मे महिन्यात थांबा.

पायाखाली लाल माती, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, आणि एक वास जो नाकात शिरला की निघत नाही. पिकून, पडून, उन्हात फुटलेल्या काजूच्या बोंडूंचा वास. झाडाखाली पिवळ्या-तांबड्या बोंडूंचा थर साचला आहे. माशा घोंगावत आहेत, एक वासरू त्यातच तोंड घालून उभं आहे. पोरं बी पिळून टोपलीत टाकतात आणि बोंडू तिथेच फेकतात. काजूबीला व्यापारी आहे. बोंडूला कोणी नाही. वजनाने तो बीच्या पाचपट ते दहापट भरतो, संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त क जीवनसत्त्व बाळगतो, आणि झाडावरून पडल्यावर एक दिवससुद्धा धड राहत नाही. पातळ साल, आत नुसता रस. टोपलीत भरून बाजाराला न्यायचा तर बाजार येईपर्यंत खालचा अर्धा चिरडलेला असतो.

तुम्ही ज्या घराच्या खळ्यात शिरता तिथली आजी पडवीत पाटावर बसून बोंडू चिरते आहे.

“येवा, बसा. कपडे सांभाळा हां, बोंडवाचो डाग जावचो नाय.”

फोडींना मीठ लावून ती बशी पुढे सरकवते. पहिला घास गोड, लगेच घशाला चरचर. जीभ आक्रसते, टाळू कोरडा पडतो. हे टॅनिन. ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तोंडातला ओलावाच गेल्यासारखं वाटतं. आजीला टॅनिन हा शब्द माहीत नाही, पण उपाय माहीत आहे. पिळलेल्या रसात तिने भाताची निवळ पेज थोडी ओतली आणि भांडं झाकून ठेवलं. पेजेतलं पीठ ते चरचरीत द्रव्य धरून तळाशी बसतं. वरचा रस तुम्ही पाहता पाहता नितळ, फिक्या सोन्याच्या रंगाचा होतो.

खळ्यात काचेच्या बरण्या उन्हात ठेवल्या आहेत. रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, अर्धे चिरून बिया काढल्या, त्या वाट्यांमध्ये साखर भरली आणि थरांवर थर रचले. चार दिवसांत साखर विरघळून बरणीत गडद लाल रस सुटतो, तेच अमृत कोकम. बाजूच्या सुपात सोलां, म्हणजे आमसुलं, वाळत आहेत, एका मडक्यात मीठ घातलेलं आगळ आहे, आणि बिया मुठेलासाठी वेगळ्या राखल्या आहेत. पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येऊन कोसळेल. त्याआधी हे सगळं उरकलं नाही तर झाडाखालचे रतांबे चिखलात जातील. ह्या घरातला मे महिना म्हणजे घड्याळाशी शर्यत.

मुंबईहून चाकरमानी घरी आला आहे. बोटीने मालवण बंदराबाहेर पोचला, पडावातून किनाऱ्याला लागला, आणि पुढे मिळेल त्या गाडीने गावाला. जेवणाआधी तो हळूच विचारतो, काही मिळेल का. आजी उत्तर देत नाही. 1949चा मुंबई दारूबंदी कायदा आता पक्का बसला आहे. सावंतवाडी संस्थान 1948 मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं, त्यामुळे हा कायदा इथल्या प्रत्येक माडाखाली लागू आहे. प्यायला परवाना हवा, बाळगायला परवाना हवा. माडावर चढणाऱ्या भंडाऱ्याला नीरा काढायची तरी सरकारची मंजुरी लागते. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरांची चूल पोयीच्या टोकावर चालली, त्यांचा कोयता आता परड्यातल्या भाताची पेंढी कापतो. दारूने घरं उद्ध्वस्त होताना ज्या बायकांनी पाहिली त्यांनी ह्या बंदीला मनापासून दुवा दिला, हेही मी विसरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वाडीतल्या आहेत.

आणि तेरेखोलच्या खोऱ्यापलीकडे पोर्तुगिजांचं राज्य. तिथे हाच जांभा, हेच काजू, हाच मे महिना. पण तिथले बोंडू दगडात खोदलेल्या कोळंबीत पायाखाली तुडवले जात आहेत. रस मडक्यांत आंबतो आहे, भाणातून, म्हणजे गाळायच्या भांड्यातून, पहिल्यांदा उतरतो तो सौम्य उर्राक, तो पुन्हा गाळला की फेणी. एक दिवसही न टिकणाऱ्या फळाचं तिथे वर्षभराचं उत्पन्न होतं. रात्री त्यातलीच काही रबरी ट्यूबांमध्ये भरून नदी ओलांडून ह्या बाजूला येते आणि पहाटे कधी कधी शिपायाच्या हाती लागते. हद्द माणसांसाठी आहे. बोंडूचा वास दोन्हीकडे सारखाच पसरला आहे. अजून तीन वर्षांनी, 15 ऑगस्ट 1955ला, इथून जवळच पत्रादेवीला गोव्यात शिरणाऱ्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या जातील आणि ही वाट पूर्ण बंद होईल. 19 डिसेंबर 1961ला गोवा मुक्त झाल्यावरच ती उघडेल.

आजीने तांब्या आणला. बोंडूचा नितळलेला रस, बरणीतल्या कोकमाचा लाल पाक, चिमूट मीठ, हातावर चोळलेलं जिरं, आणि मडक्यातलं गार पाणी. चाकरमान्याने एका दमात संपवला. तुम्हीही घ्या, आणि नीट लक्ष द्या. गोड आहे, कोकमाचा आंबटपणा जिभेच्या कडांना लागतो, बोंडूचा वास मागे उरतो, मीठ सगळं एकत्र बांधतं. ह्या तांब्यात दारूची उणीव कुठेच जाणवत नाही. आज आपण पेल्यात कोकम आणि व्होडकाचं जे पेय बनवणार आहोत ते ह्या तांब्याच्या तोडीचं व्हायला हवं, एवढीच माझी कसोटी आहे. व्होडका घालून जर हे बिघडत असेल तर व्होडका बाटलीतच बरी.

आता आजच्या मालवणात या.

येताना मधली वर्षं वेगाने पार करा. 1941च्या सुमारास अमेरिकेत व्होडका, जिंजर बिअर नावाचं आल्याचं पेय आणि लिंबू एकत्र आलं आणि तोवर तिथे परकी असलेली व्होडका मद्यालयांत शिरली. पुढे जिनच्या जागी व्होडका घातलेली मार्टिनी सिनेमांनी घरोघरी पोचवली. 1980 आणि 90च्या दशकांत त्याच तिरप्या पेल्यात रासबेरी, अननस, हिरवं सफरचंद आलं. वर्मूथ गेला, जैतूनाचं फळ गेलं, आणि उरला कडक-आंबट-गोडाचा जुना सांगाडा, ह्या वेळी बर्फासकट. इकडे वेंगुर्ल्यात 1957 साली फळ संशोधन केंद्र सुरू झालं आणि त्याने वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 यांसारख्या काजूच्या जाती दिल्या. 1960च्या दशकात राज्यातली दारूबंदी सैल झाली. 1 मे 1981ला रत्नागिरीतून वेगळा होऊन हा सिंधुदुर्ग जिल्हा झाला. गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सिंधुदुर्गातला बोंडू अजूनही बहुतेक झाडाखालीच कुजतो, आणि प्रत्येक मे महिन्यात ते बघून मला वाईट वाटतं.

ओट्यापाशी उभे राहा. मे महिन्याचा पहिला आठवडा, संध्याकाळचे सहा. खिडकीतून दांडीच्या बाजूचा वारा येतो आहे. कायद्याने महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वय 25 पूर्ण हवं आणि परवाना हवा. तो घेऊन ठेवा, आणि आज रात्री कुठे गाडी चालवायची नाही हेही ठरवून टाका.

तयारी कालच सुरू झाली आहे. सहा पिकलेले, काळपट लाल रतांबे तुम्ही धुऊन पुसले, चिरून बिया काढल्या आणि सालं काचेच्या बरणीत पाव लिटर साध्या व्होडकात बुडवली. फळाच्या वासाची तयार व्होडका आणू नका. तिथे दुसऱ्या कोणीतरी आधीच बोलून ठेवलेलं असतं. बरणी काचेचीच घ्या, कारण कोकमाचं आम्ल ॲल्युमिनियमला आणि तांबं ह्या धातूला खातं. तासाभरात व्होडका गुलाबी झाली, रात्रीत माणकाच्या रंगावर गेली. कोकमाचा हा रंग अँथोसायनिनचा. तो पाण्यात उतरतो तसाच मद्यातही सहज उतरतो आणि आंबटपणात लाल राहतो. खात्री करायची तर थेंबभर रसात चिमूट खाण्याचा सोडा टाका. लाल जाऊन निळसर-काळपट होईल. चोवीस तासांनी सालं गाळून काढा. त्याहून जास्त ठेवलीत तर सालीतला कडवटपणा उतरतो.

वाळवलेली आमसुलं ह्यासाठी चालणार नाहीत. त्यांत मीठ असतं, आणि त्यांचा खारेपणा सारात छान लागतो, इथे नाही. आगळही नको. आणि हापूसचा मोह टाळा. देवगडच्या आंब्याबद्दल मला अपार प्रेम आहे, म्हणूनच सांगते, तो पेल्यात घालू नका. गर दाट, गोडी भारी, थंड केल्यावर वास मुका होतो आणि व्होडका त्याच्यावर तरंगत राहते. तो आमरसातच शोभतो. शिवाय हापूस मुंबईला जातो, दुबईला जातो, त्याला तुमच्या पेल्याची गरज नाही. रतांबे, करवंदं, बोंडू यांना आहे.

पेला फ्रीजरमध्ये ठेवला असेलच. तिरप्या तोंडाचा नसला तर सरबताचा लहान काचेचा पेलाही चालेल. बर्फ घरचा, उकळून गार केलेल्या पाण्याचा, मोठ्या खड्यांचा. बंदरावरच्या कारखान्यातली लादी मासळीसाठी असते, तिला हात लावू नका. झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, जो घट्ट लागतो आणि गळत नाही अशात, 60 मिलीलीटर कोकमाची व्होडका ओता. त्यात 30 मिलीलीटर घरचं अमृत कोकम, 15 मिलीलीटर लिंबाचा रस. अमृत कोकम फार गोड असेल तर पाच मिलीलीटर कमी करा, लिंबू वाढवू नका. कोकमाला स्वतःचं आम्ल आहे. लिंबू फक्त वरचा उजेड देतो.

डबा बर्फाने दोन-तृतीयांश भरा, झाकण दाबून धरा आणि बारा-पंधरा सेकंद जोरात हलवा. स्टीलवर दव धरेल, हाताला चटका बसेल इतकं गार होईल, तेव्हा थांबा. ह्या हलवण्यात गार करण्याइतकंच महत्त्वाचं दुसरं काम होतं. पंचवीसेक मिलीलीटर बर्फ वितळून आत मिसळतो. वखारीच्या पातेल्यात विहिरीचं पाणी जे करत होतं तेच. आपल्याकडच्या बाटलीवर बहुधा 42.8 टक्के लिहिलेलं असतं. पेल्यात येईपर्यंत ते 20च्या आसपास उतरतं, म्हणजे भाणातून पहिल्यांदा उतरणाऱ्या उर्राकाच्या थोडं वर. फळाचा वास ह्याच ताकदीला बोलतो. त्याहून कडक असेल तर नाकात फक्त मद्य शिरतं.

पेल्याच्या अर्ध्याच काठाला लिंबू फिरवा आणि जाड मिठात टेकवा. शिरोड्याच्या मिठागरातलं मीठ मिळालं तर उत्तम. मे 1930 मध्ये ह्याच शिरोड्याला लोकांनी कायदा मोडून मीठ उचललं आणि लाठ्या खाल्ल्या. त्या मिठाला पेल्याच्या काठावर मानाची जागा आहे. अर्धा काठ मोकळा ठेवायचा कारण प्रत्येक घोटाला मीठ नको असतं. आता चहाच्या बारीक गाळणीतून ओता.

पहिला घोट मिठाच्या बाजूने घ्या. बर्फाचा गारवा, मग कोकमाचा तो खोल, थोडासा मातकट आंबटपणा, मग गोडी, आणि शेवटी घशात मद्याची ऊब. दुसरा घोट मोकळ्या काठाने. कोणता आवडला ते ठरवा, पुढच्या वेळी काठ त्याप्रमाणे. सोबत तळलेली मांदेली ठेवा, किंवा नुसत्या भाजलेल्या ओल्या काजूबिया. ज्यांना मद्य नको त्यांच्यासाठी तोच पेला, तेच मीठ, तेच अमृत कोकम, आणि व्होडकाच्या जागी पेजेने नितळवलेला बोंडूचा रस. पाहुण्यांपैकी कोणाला कमीचं मिळालं असं वाटता कामा नये, आणि मी सांगते, वाटत नाही. ह्या दुसऱ्या पेल्याची मागणी बहुतेक वेळा जास्त असते.

गाळून काढलेली रतांब्याची सालं टाकू नका. साखरेत घोळवून दोन दिवस कडक उन्हात ठेवा. चघळायला छान होतात, फक्त डब्यावर मोठ्यांसाठी अशी चिठ्ठी लावा आणि मुलांच्या हाताला लागणार नाहीत असा तो वर ठेवा. उरलेली लाल व्होडका अंधाऱ्या फडताळात घट्ट बुचाने ठेवलीत तर गणपतीपर्यंत सहज राहील. रंग हळूहळू विटकरी होत जाईल, चव फारशी बदलत नाही.

बोंडूचा पेला करायचा असेल तर त्याची तयारी उद्या. पहाटे उठा, उन्हं चढायच्या आत झाडाखाली पोचा, रात्री पडलेले आणि न फुटलेलेच उचला. बी पिळून बाजूला ठेवा, ती विकली जाईल. रस नऊच्या आत पिळून पेज घालून झाकायला हवा. दहा वाजले की त्याला आंबूस वास यायला लागतो, आणि मग तो तुमच्या पेल्याच्या उपयोगाचा राहत नाही.